सतारमेकर गल्लींतील कारागीर

गाण्याच्या बैठकींत गवयाच्या पाठीमागें दोन तंबोरे उभे असतात. गवयाचें नांव निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरांत असतें, तबला व पेटी यांच्या साथीदारांचीं नांवें त्याखालीं असतात, आणि तंबोरा धरून बसलेल्या शिष्यांचाही कधीं कधीं उल्लेख होतो. परंतु ज्याच्या हातून तो तंबोरा घडला त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. बैठक रंगली तर दाद गवयास मिळते. न रंगली तर पुष्कळ वेळां दोष तंबोऱ्यावर जातो. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा नायक हा असा पाठीमागचा, किंबहुना पाठीमागच्याच्याही पाठीमागचा मनुष्य आहे.

मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूस होडी बांधणारा सुतार जन्मभर लाटांचा विचार करीत किनाऱ्यावर बसलेला असतो. तो स्वतः मासे धरावयास जात नाहीं. परंतु फळीच्या सांध्यांत केसाएवढी फट राहिली तर दर्यांत कोणावर काय प्रसंग ओढवेल, हें त्याच्याइतकें कोणालाच ठाऊक नसतें. मिरजेच्या तंबोरेवाल्याचें तसेंच आहे. तो मैफलींत गात नाहीं, बहुधा मैफलीस जाण्यास त्याला सवडही नसते. सूर मात्र त्याला गवयाइतकाच ओळखावा लागतो.

माधवनगर हें सांगलीच्या शेजारचें, बुधगांवला जवळजवळ लागून असलेलें, सूत आणि व्यापार यांवर वाढलेलें गांव. तेथें कापडाची गिरणी चालत होती तेव्हां भोंगा झाला कीं माणसें कामावर जात आणि भोंगा झाला कीं घरीं परतत. तेथून सुमारें तीन कोसांवर मिरज आहे, आणि मिरजेंत सतारमेकर गल्ली आहे. या गल्लींत भोंगा कधींच नव्हता. दुकान खालीं, घर वर किंवा मागें. दुकान म्हणजे तरी काय, रस्त्यावर उघडणारी एक खोली, तींत जमिनीवर अंथरलेलें पोतें, भोंवतीं रंधे, कानशी, पटाशा, आणि आढ्यापासून लोंबणारे पिवळसर वाळके भोपळे. नवख्या मनुष्यास प्रथम वाटतें कीं हें भाजीवाल्याचें कोठार असावें. शाळेंत शून्य गुण मिळाले म्हणजे मुलाला भोपळा मिळाला असें आपण म्हणतों; या गल्लींत ज्याला चांगला भोपळा मिळाला तो त्या दिवशीं भाग्यवान् समजला जातो.

या धंद्याचा उगम मोठा मौजेचा आहे. ज्या कुटुंबांनीं तो उभा केला तीं मूळचीं शिकलगारांचीं. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार व झिलई देणारा कारागीर. मिरज हें पटवर्धनांचें ठाणें. लढाऊ सरदारांच्या गांवीं शिकलगारास काम कमी पडण्याचें कारण नव्हतें. परंतु १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पुढें हळूहळू तलवारी म्यानांतून निघेनाशा झाल्या, भिंतीवरच्या शोभेच्या वस्तु झाल्या. शोभेच्या तलवारीला वर्षांतून एकदां दसऱ्याला पुसलें म्हणजे पुरे होतें. राज्य गेलें म्हणजे राजाचें काय जातें, तें इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर दिलेलें असतें. शिकलगाराच्या चुलीचें काय होतें, तें तेथें दिलेलें नसतें.

तथापि संस्थान उरलें होतें, आणि संस्थानिकांना गाण्याचा नाद होता. दूरदूरचे गवई व तंतकार मिरजेस येत, राहत. प्रवासांत त्यांचीं वाद्यें फुटत, दांड्या वांकत, खुंट्या सैल होत, आणि दुरुस्तीसाठीं तीं उत्तरेंत पाठवावीं तर महिने लागत. अशा वेळीं गांवांतच कोणी बारीक हाताचा मनुष्य आहे काय, असा शोध सुरू झाला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब या शिकलगारानें तें काम अंगावर घेतलें, असें मिरजेंत परंपरेनें सांगतात. आधीं दुरुस्ती, मग जुन्या वाद्यावरून नवें वाद्य, मग त्या नव्यांत स्वतःची सुधारणा, असा तो क्रम असावा. पोलादाच्या पात्यावरचा दोष बोटानें ओळखणाऱ्या मनुष्याला तारेखालच्या घोडीचा दोष ओळखण्यास फार दिवस लागले नसतील. शस्त्राला पाणी देणारे हात वाद्याला सूर देऊं लागले. त्यांच्या वंशांत व शिष्यशाखेंत हा धंदा वाढत गेला, इतका कीं पुढें ‘सतारमेकर’ हेंच कित्येकांचें आडनांव झालें. अर्धा शब्द आपला आणि अर्धा इंग्रजी, असें हें आडनांव ऐकून हसूं येतें खरें. परंतु धंद्यावरून पडलेल्या नांवांत लपवाछपवी नसते.

आतां तंबोरा होतो कसा, हें थोडें सावकाश पाहिलें पाहिजे, कारण त्या कारागिराचें सगळें आयुष्य या करण्यांतच जातें.

पहिली गोष्ट भोपळ्याची. हा खाण्याचा भोपळा नव्हे. कडू, जाड सालीचा, वाळल्यावर लांकडासारखा टणक होणारा असा हा भोपळा सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरांत, भीमेच्या खोऱ्यांत पिकवितात. ज्या पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याच्या गळ्यांत वीणा असते, त्याच मुलुखांतल्या मातींत वीण्याचा भोपळा वाढावा, हा योगायोग मनोहर आहे. मोठ्या मर्दानी तंबोऱ्यास सुमारें पन्नास इंच घेराचा भोपळा लागतो. बायकांच्या उंच पट्टीस जुळणाऱ्या जनानी तंबोऱ्यास त्याहून लहान चालतो. वेलावर फळ कुशीवर पडून वाढलें तर एका अंगानें चपटें होतें, कीड लागली तर साल पातळ राहते, अवकाळी पाऊस झाला तर वाळण्याऐवजीं कुजतें. म्हणून शेतकऱ्याचें जें नशीब तेंच कारागिराचें. पीक बुडालें त्या वर्षीं गवयाचें कांहीं अडत नाहीं. कारागिराचें मात्र पुढचें सबंध वर्ष अडतें.

असे भोपळे हंगामांत एकदम घेऊन ठेवावे लागतात. त्यासाठीं रोख पैसा लागतो, आणि ठेवण्यास जागा लागते. घर दोन खोल्यांचें. त्यांत नवराबायको, मुलें, वृद्ध आईबाप, आणि हे पन्नास-शंभर पाहुणे! ते दोरीनें टांगावे लागतात, उंदरांपासून व ओलीपासून जपावे लागतात. पावसाळ्यांत कोणता भोपळा कोठें हलवावा ही चिंता बहुधा घरच्या बाईची असते. लहानपणीं आपण भोपळ्यांत बसून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकली. या घरांत सबंध कुटुंबच भोपळ्यांच्या मधून वाट काढीत राहतें.

वाळलेला भोपळा वरून कापून पाण्यांत भिजत घालतात. साल मऊ झाली म्हणजे आंतला वाळका गर व बिया खरवडून काढतात, आणि तोंड हवें तितकें रुंद व्हावें म्हणून आंत काटक्यांचे ताण देऊन पुन्हां वाळवितात. हें काम घाईनें होत नाहीं. घाईनें वाळविलेला भोपळा वर्षाच्या आंत तडकतो, आणि मग गिऱ्हाईक दारांत उभें राहतें. त्यानंतर लांकडाचें काम. तूण नांवाच्या झाडाचें लांकूड त्यासाठीं पसंत करतात. तें हलकें असतें, फार वांकत नाहीं, आणि सूर खेळवितें. त्याची पोकळ दांडी, भोपळ्याला दांडी जोडणारा गळा, आणि भोपळ्याच्या उघड्या तोंडावर बसणारी किंचित् फुगीर तबली, असे भाग वेगवेगळे घडवून सरसानें जोडतात. तबली जाड राहिली तर आवाज घोगरा व कोंडलेला येतो. फार पातळ झाली तर आवाज मोठा येतो, पण चार वर्षांत तारांच्या ओढीनें ती खचते. किती जाड ठेवावी याचें माप कोणत्याही पट्टीवर लिहिलेलें नाहीं. कारागीर नखानें टिचकी मारतो, ऐकतो, पुन्हां चार हात रंधा फिरवितो, पुन्हां टिचकी मारतो.

मग खुंट्या, मग गळ्यावरचीं लांकडी पानें, वेलबुट्टी, मग लाखेचें पॉलिश. पूर्वीं श्रीमंतांच्या वाद्यांवर हस्तिदंताचें काम असे, घोडीलाही हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरीत. वन्य जनावरांच्या रक्षणाचा कायदा १९७२ सालीं झाला व पुढें अधिक कडक होत गेला. तेव्हांपासून तें संपलें, आणि तें संपलें हें चांगलेंच झालें. आतां नक्षीस सेल्युलॉइड, आणि घोडीस जनावराचें साधें हाड, शिसवी किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. जुने कारागीर कृत्रिम घोडीविषयीं तक्रार करतात. पण तक्रार करीत करीत तीवरही चांगली जवारी काढतात.

या सगळ्याचा जीव म्हणजे जवारी. भाषणाच्या मर्यादेंत ती समजावून देणें कठीण, तरी प्रयत्न करून पाहूं. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घोडीचा माथा व्हायोलिनच्या घोडीसारखा धारदार नसतो. तो रुंद असतो आणि त्याला अगदीं अल्प उतार असतो. तार त्या उतारावर टेकतां टेकतां सुटते आणि सुटतां सुटतां टेकते. त्यामुळें एकच छेड दिली तरी आवाज एकदम विझत नाहीं; तो उमलत राहतो, आणि मूळ सुराबरोबर त्याचे उपस्वर एकामागून एक ऐकूं येतात. घोडी व तार यांमध्यें सुताचा एक बारीक धागा सरकवितात, आणि तो बरोबर जागीं आला कीं तंबोरा एकाएकीं बोलूं लागतो. खर्जाच्या तारेंतून कोणी न छेडलेला गांधार उमटतो तो याच करामतीमुळें. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं वीणा व तंबोरा यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तारेला ज्या जागीं छेडावें त्या जागेमुळें कांहीं उपस्वर मुळींच उमटूं नयेत, असा पाश्चात्य शास्त्रांतला नियम आहे. तो या घोडीपुढें लागू पडत नाहीं, असें त्यांनीं त्यांत दाखवून दिलें. रामन यांना पुढें १९३० सालीं जगन्मान्य पारितोषिक मिळालें तें प्रकाशाच्या संशोधनाबद्दल. परंतु मिरजेच्या गल्लींत बसलेला मनुष्य जें कानशीनें रोज करीत होता, त्याचें कोडें याच शास्त्रज्ञास पडलें होतें, ही गोष्ट आपल्या शाळांतून फारशी सांगत नाहींत.

जवारीसाठीं शांतता लागते. दिवसां गल्लींत रहदारी, मुलांचा गलका, शेजारच्या दुकानांतील ठोकाठोक. म्हणून पुष्कळ कारागीर हें काम रात्रीं जेवणानंतर काढतात. घरांतलीं मुलें निजलेलीं असतात. बाप पायांमध्यें तंबोरा धरून बसतो, तार उतरवितो, घोडीवरून कानस एकदां, फक्त एकदां, फिरवितो, तार चढवितो, छेडतो. पुन्हां उतरवितो. एका तंबोऱ्याला चार तारा. एकीची जवारी जुळली तर दुसरी रुसते. मध्यरात्र होते. या वेळीं झोपेच्या गुंगींत मुलाच्या कानांवर जें पडतें तेंच त्याचें शिक्षण. या धंद्याला पाठ्यपुस्तक नाहीं, आणि होऊंही शकत नाहीं. चांगली जवारी कोणती, हें शब्दांत सांगतां येत नाहीं. वाईट ऐकूं आल्याबरोबर बाप मान हलवितो, एवढेंच मुलाला कळतें. दहा-बारा वर्षें अशी मान हलवून घेतल्यावर एके दिवशीं ती हलत नाहीं, आणि मग मुलगा कारागीर झाला असें समजावें.

अशा कारागिराच्या घरचा व्यवहार कसा चालतो? गिऱ्हाईक थोडें आगाऊ देतें, बाकी वाद्य नेतांना. त्या आगाऊ रकमेंतून भोपळा, लांकूड, तारा, पॉलिश, आणि हाताखालच्या पोराची मजुरी भागवावयाची. वाद्यास कित्येक आठवडे लागतात. आणि तोंवर घर चालवावयाचें. कित्येक वाद्यें पुण्यामुंबईच्या व त्याहून दूरच्या दुकानांसाठीं होतात. तेथें गेल्यावर वाद्यावर दुकानाचें नांव येतें. मुलीचें लग्न, आईचें दुखणें, शाळेची फी, हीं संकटें मात्र नांवासकट त्याच्याच घरीं येतात. तरीही या गल्लींत एक रीत आहे. दूरगांवचा एखादा गरीब विद्यार्थी फुटका तंबोरा घेऊन आला तर त्याच्याकडून दुरुस्तीचे पैसे मागतांना कारागीर जरा अडखळतो. व्यवहाराच्या दृष्टीनें ही चूक आहे. संगीताच्या दृष्टीनें ती चूक नसावी, कारण मिरज ही अशाच विद्यार्थ्यांनीं मोठी झाली.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रांत आणणारे थोर गवई मिरजेस राहत होते. फटाक्याच्या अपघातानें दृष्टि अधू झालेला कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा एक मुलगा त्यांच्याकडे शिकावयास राहिला. मिरजेच्या अधिपतींचा त्याला आश्रय होता. तेच पुढें विष्णु दिगंबर पलुसकर झाले. १८९६ सालीं ते मिरज सोडून बाहेर पडले आणि १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. त्या विद्यालयापासून गाणें दरबारांतून व कोठीवरून मध्यम वर्गाच्या माजघरांत आलें. आणि गाणें माजघरांत आलें म्हणजे तंबोराही माजघरांत आला. पलुसकरांनीं संगीताची जी चळवळ केली तिची गणना आपण पुस्तकांत करतों. त्या चळवळीला किती तंबोरे लागले असतील याची गणना कोणीच केलेली नाहीं.

दुसरे मोठे नांव अब्दुल करीम खां यांचें. किराणा घराण्याच्या या गवयानें मिरजेस आपलें घर केलें. वाद्याच्या बाबतींत ते स्वतः हाताचे कारागीर होते. तंबोऱ्याची जवारी ते स्वतः काढीत आणि नादुरुस्त वाद्य उकलून बसण्यांत त्यांना कमीपणा वाटत नसे. त्याच काळांत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींच्या गणिताचा अभ्यास करीत होते, आणि त्या कामीं त्यांना व क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याला खांसाहेबांच्या गळ्याचें साह्य झालें. गवई, अधिकारी आणि कारागीर यांनीं एकाच सुराविषयीं काथ्याकूट करावा, असें तें वातावरण होतें. १९३७ सालीं मद्रासकडे प्रवासांत असतां खांसाहेबांस देवाज्ञा झाली. मिरजेस ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांची कबर आहे आणि तेथें उरुसास गवई हजेरी लावतात. नवरात्रांत अंबाबाईच्या देवळांतही गाणें होतें. दर्ग्यांत वाजणारे व देवळांत वाजणारे तंबोरे एकाच गल्लीचे, हें मिरजेच्या माणसाला इतकें नित्याचें आहे कीं तो त्याचा मुद्दाम उल्लेख करीत नाहीं.

हा भूतकाळ झाला. आतांची गोष्ट निराळी आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत विजेवर चालणारा तंबोरा बाजारांत आला. लहानशी पेटी, खटका दाबला कीं पाहिजे त्या पट्टींत अखंड सूर. हल्लीं तर मोबाइलमध्येंच तंबोरा असतो. त्याला पावसाळा नाहीं, खुंटी घसरत नाहीं, आगगाडींत तो मांडीवर धरून बसावें लागत नाहीं. लहान घरांत राहणाऱ्या विद्यार्थ्यानें तो वापरला तर त्याला नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. परंतु त्यांत एक उणें आहे. पेटींतला सूर दर फेऱ्यास तोच येतो. हातानें छेडलेल्या तंबोऱ्यांत दोन छेडी सारख्या नसतात, आणि गाणारा त्या सूक्ष्म फरकाकडे कान लावूनच शिकतो. तंबोरा जुळवितांना जो अर्धा तास जातो, तो फुकट गेला असें पेटी विकत घेणाऱ्यास वाटतें. जुने गवई त्यालाच पहिला धडा म्हणत.

२०२० सालीं महामारीनें मैफली बंद पाडल्या, तेव्हां या धंद्यावर मोठेंच संकट आलें. ज्यांच्या मागण्या नोंदलेल्या होत्या त्यांनीं वाद्य नेलें नाहीं. जे नेणार होते त्यांच्याजवळ पैसा नव्हता. त्यानंतर २०२४ सालीं मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे इतर ठिकाणीं केलेल्या वाद्यास मिरजेचें नांव लावून विकण्यास आतां कायद्याची हरकत आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, यांत शंका नाहीं. उशिरां कां होईना, ज्याच्या हातून वाद्य घडतें त्याच्या गांवाचें नांव वाद्याला मिळालें. तथापि मानांकनानें नांवाचें रक्षण होतें, भोपळ्याचा भाव उतरत नाहीं आणि रात्रीच्या जागरणाची मजुरी वाढत नाहीं. घरांतला मुलगा जेव्हां पदवी घेऊन विचारतो कीं, या खोलींत बसूं कीं पुण्यास नोकरीला जाऊं, तेव्हां बापाजवळ मानांकनाचें उत्तर नसतें. पुष्कळ बाप जा म्हणतात. आपण त्यांना दोष देऊं नये. आपणही आपल्या मुलांना दुसरें काय सांगतों?

समजा, माधवनगरच्या एखाद्या घरांत वडिलांचा जुना तंबोरा खोळ घालून कोपऱ्यांत उभा आहे. वडील गेल्याला वीस वर्षें झालीं. घरांतली मुलगी गाणें शिकते, तीही मोबाइलच्या सुरावर. एके दिवशीं बाईसाहेब खोळ काढतात तों एक तार तुटलेली, भोपळ्यास खालून चीर, आणि घोडीवर तारांच्या चऱ्या पडलेल्या. वाद्य मोडींत द्यावें कीं काय, असा विचार करीत त्या तें मिरजेस नेतात. कारागीर साठीच्या घरांतला. तो तंबोरा आडवा घेतो, भोपळ्यावर टिचकी मारतो, दांडीच्या टोकापासून एक डोळा मिटून पाहतो, आणि गळ्यावरच्या पानांच्या कोरणीवरून बोट फिरवीत थबकतो.

“हे काम आमच्या अब्बांच्या हातचं,” तो म्हणतो. “पानाचं टोक असं वळवायची त्यांचीच रीत.”

“दुरुस्त होईल का पण?”

“बाई, वाद्य बिघडलेलं नाही. कुणी हात लावला नाही म्हणून रुसलंय. पंधरा दिवस ठेवा.”

पैशाचें बोलणें दोन वाक्यांत आटोपतें. पंधरा दिवसांचे पंचवीस होतात, कारण मध्यें पाऊस लागतो आणि सरस वाळत नाहीं. बाई मुलीला घेऊन पुन्हां जातात तेव्हां चीर आंतून कापडाची पट्टी सरसानें चिकटवून बुजविलेली असते, पॉलिश नवें असतें, पण तें जुन्या पानांवर इतकें हलक्या हातानें दिलेलें असतें कीं कोरणी बुजलेली नाहीं. जवारी झाली आहे. शेवटचा हात फिरवावयाचा उरला आहे. म्हातारा तारा चढवितो व पाठीमागें बघतो. आंत मुलगा बसलेला आहे. तो सुटीपुरता पुण्याहून आला आहे, गुडघ्यावर संगणक, कानांत यंत्र. बाप कांहीं बोलत नाहीं, तंबोरा त्याच्या दिशेनें किंचित् कलता करतो. मुलगा कानांतलें यंत्र काढून ठेवतो, पुढें सरकतो आणि तारेखालून धागा सरकवूं लागतो. एकदां. जरा मागें. पुन्हां जरा पुढें. पहिली तार बोलते, मग जोडाच्या दोन, मग खर्ज.

म्हातारा मान हलवितो. मुलगा धागा केसभर मागें घेतो.

गल्लींतून एक रिक्षा जाते, तिचा आवाज ओसरेपर्यंत दोघेही थांबतात. मग पुन्हां छेड. या वेळीं बापाची मान हलत नाहीं. माधवनगरची मुलगी उंबऱ्यावर बसून ऐकत असते. खर्जाच्या पाठोपाठ कोणी न लावलेला गांधार येतो, तेव्हां ती आईकडे वळून पाहते कीं हा आवाज कोठून आला.